फुलपाखरं काढावीत की ठेवावीत?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं आतेभावाच्या फोनचं. त्याने कोल्हापुरात नुकतीच एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. गाडी झकास आहे, पण उद्यमनगरातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून बघितलं आणि पहिलाच सल्ला दिला, "मालक, मॅनिफोल्डमधली फुलपाखरं काढून टाकूया. उद्या तुटून आत पडली तर इंजिन गेलंच म्हणून समजा." भाऊ घाबरला. "दादा, तू तिकडं गाड्यांच्या गावात राहतोस. सांग, काढू का ठेवू?"

मला वाटलं दोन मिनिटांत सांगून मोकळा होईन. पाऊण तास बोललो. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "अरे, हो का नाही एवढंच सांग की!"

तेवढंच मला सांगता आलं नाही. कारण हाच प्रश्न २०११ साली इथे श्टुटगार्टमध्ये माझ्यापुढे आला होता, आणि त्यावरून माझं आणि अण्णांचं चांगलंच वाजलं होतं. म्हणून आता सविस्तर लिहितो. भावाला सवडीने वाचता येईल, आणि घरच्या मंडळींना अण्णांचा किस्सा मिळेल. :)

ज्यांना बॉनेटखाली काय चालतं याच्याशी देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. इंजिनाला श्वास घ्यायला हवा लागते. ती हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून देणारं नळ्यांचं जे खोकं असतं ते इनटेक मॅनिफोल्ड. काही इंजिनांत या नळ्यांमध्ये रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या बसवलेल्या असतात. मधोमध एक दांडा, त्यावर ही चकती. दांडा फिरला की चकती आडवी होऊन नळी बंद करते, किंवा उभी राहून वाट मोकळी करते. हीच फुलपाखरं, बटरफ्लाय व्हॉल्व्ह. डिझेल गाड्यांच्या जगात त्यांना 'स्वर्ल फ्लॅप' म्हणतात. स्वर्ल म्हणजे भोवरा, आणि ही सगळी भानगड त्या भोवऱ्यासाठीच आहे.

हवा आत घ्यायची असेल तर नळी मोकळी हवी, मग तिच्यात झडप कशाला, असं कुणालाही वाटेल. अण्णांनाही तेच वाटलं होतं. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

पेट्रोल इंजिनात (निदान जुन्या पद्धतीच्या) हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत येतात. डिझेलचं तसं नाही. आधी नुसती हवा आत घेऊन दाबायची, ती रसरशीत तापली की अगदी शेवटच्या क्षणी तेल फवारायचं. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ३० मिलिसेकंद लागतात, आणि तेल हवेत मिसळून जळायला त्यातले दोन-तीनच मिलिसेकंद हाताशी असतात. तेवढ्यात तेलाच्या प्रत्येक थेंबाला हवा मिळाली नाही, तर तो अर्धवट जळतो आणि त्याची काजळी होते. एस.टी.च्या मागे स्कूटर चालवलेल्या माणसाला काजळी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याने तेलातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांच्या वर काम करून दाखवलं होतं. त्या काळात ही गोष्ट अचाट होती. ते इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये उभं आहे, पुरुषभर उंचीच्याही वर. त्यात तेल फवारायला दाबलेली हवा वापरत, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असलं धूड कारखान्यात आणि जहाजात चालेल, मोटारीत नाही. मोटारीत बसायचं तर इंजिन लहान आणि वेगवान हवं, आणि वेग वाढला की मिसळायला वेळ आणखी कमी. पुढची शंभर वर्षं डिझेलवाले मुख्यतः याच एका गोष्टीशी झगडत होते म्हटलं तरी चालेल.

पहिली युक्ति बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजची. १९०९ साली त्याने मुख्य सिलिंडरला एक छोटी खोली जोडायची कल्पना पेटंट केली. तेल आधी त्या खोलीत पेटायचं आणि तिथून जोरात बाहेर पडून उरलेल्या हवेत घुसळलं जायचं. दुसरी युक्ति इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोची. रिकार्डो हा या क्षेत्रातला बाप माणूस. त्याने १९३१ च्या सुमारास लंडनच्या बसगाड्यांसाठी 'कॉमेट' नावाची रचना केली. त्यात एक गोल खोली आणि तिच्यात शिरणारी तिरकी वाट. हवा दाबली गेली की त्या तिरक्या वाटेने आत शिरून गरगर फिरायची. त्या भोवऱ्यात तेल फवारलं की चटकन मिसळायचं. पुढची कित्येक दशकं मोटारींतली डिझेल इंजिनं या दोन युक्त्यांवरच चालली.

पण खोलीचं भाडं द्यावं लागतंच. खोलीच्या भिंतींतून उष्णता वाया जायची, म्हणजे तेल जास्त लागायचं. म्हणून १९८८ साली फियाट क्रोमात आणि १९८९ साली ऑडी १०० मध्ये ती खोलीच काढून टाकली आणि तेल थेट सिलिंडरमध्ये फवारायला सुरुवात झाली. १९९७ साली अल्फा रोमिओ आणि मर्सिडीजच्या गाड्यांत कॉमन रेल आली. तेलाचा दाब प्रचंड, फवारा बारीक, सगळं कॉम्प्युटरच्या ताब्यात.

खोली गेली, पण भोवऱ्याची गरज गेली नाही. तो आता हवा आत येतानाच तयार करावा लागणार होता. चार व्हॉल्व्हच्या सिलिंडरला हवेच्या वाटा दोन असतात. एकीला असा बाक देतात की तिच्यातून आलेली हवा गोल फिरेल. दुसरी पोटभर हवा भरण्यासाठी. इंजिन जोरात पळत असताना दोन्ही हव्यात. पण गाडी सावकाश चालली असेल तेव्हा दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या तर हवा रमतगमत येते, भोवरा धरत नाही. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी कसं जोरात उडतं, तसं एक वाट बंद केली की दुसरीतली हवा वेगाने घुसते. तो अंगठा म्हणजे आपलं फुलपाखरू.

आणि नेमकी त्याच सुमाराला युरोपात धुराची वेसण आवळली जात होती. २००० साली आलेल्या युरो-३ नियमानुसार डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम काजळी आणि ०.५० ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडं सोडायची मुभा होती. २००५ च्या युरो-४ ने दोन्ही आकडे बरोब्बर निम्मे केले, ०.०२५ आणि ०.२५. गंमत अशी की एक कमी करायला जावं तर दुसरं वाढतं. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करायला थोडा जळका धूर परत इंजिनात सोडतात (ई.जी.आर. म्हणतात ते हेच), पण त्याने काजळी वाढते. भोवरा चांगला असेल तर ही ओढाताण थोडी सुसह्य होते. म्हणून त्या वर्षांत अनेक कंपन्यांच्या डिझेल इंजिनांत ही फुलपाखरं येऊन बसली. (यातल्या तज्ज्ञांनी चू. भू. द्या. घ्या.)

आता दुसरी बाजू. परत सोडलेल्या धुरातली काजळी आणि इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये एकत्र आली की त्याचं डांबर होतं. म्हणजे काजळी कमी करायला बसवलेलं फुलपाखरू काजळीतच रुतून बसतं. रुतलं की दांड्यावर ताण येतो. बीएमडब्ल्यूच्या एम-४७ आणि एम-५७ या डिझेल इंजिनांची फुलपाखरं तर कुप्रसिद्धच झाली. त्यातल्या सुरुवातीच्या रचनेत धातूची चकती छोट्या स्क्रूंनी दांड्यावर बसवलेली होती. हजारो तास थरथर सोसून दांडा मोडायचा नाहीतर स्क्रू सुटायचा, आणि जे सुटलं ते हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये. पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड, कधी पुढे टर्बोसुद्धा. पुढे कंपनीने रचना सुधारली. फियाट आणि जनरल मोटर्सच्या १.९ लिटर सोळा व्हॉल्व्ह डिझेलमध्ये निराळा रोग होता. तिथे फुलपाखरांना जोडणारी पट्टी झिजून निसटायची.

त्यामुळे बाजारात काढण्याचं सामान आलं. फुलपाखरू उपसायचं, भोकाला ॲल्युमिनियमचं बूच लावायचं, झालं. उद्यमनगरातल्या मेकॅनिकचा सल्ला असा उगाच आकाशातून पडलेला नाही, हे भावाने लक्षात घ्यावं. त्यामागे खरीखुरी फुटलेली इंजिनं आहेत.

आता माझी गोष्ट. २०११ साली माझ्याकडे एक युरो-४ डिझेल गाडी होती. वर लिहिलेल्यांपैकी नव्हे, पण फुलपाखरं होती. गाडी मी जुनीच घेतली होती, १ लाख ४० हजार किलोमीटर झाले होते. आमच्या भागातल्या तुर्की मेकॅनिकने मॅनिफोल्डच्या बाहेर ओघळलेलं काळं तेल दाखवलं आणि दोन पर्याय ठेवले. नवं मॅनिफोल्ड मजुरीसकट सातशे युरोच्या वर. नाहीतर साठ युरोची बुचं, अर्ध्या दिवसाचं काम. "फक्त दुसरं काम बिलावर लिहिणार नाही," तो हसत म्हणाला.

बिलावर न लिहिण्याचं कारण साधं होतं. धूर वाढेल असा बदल केला तर जर्मन नियमाप्रमाणे गाडीची रस्त्यावर चालवायची मान्यताच रद्द होते. दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत हे सापडेलच असं नाही, पण उद्या मोठा अपघात झाला तर विमा कंपनीला कारण आयतं मिळतं.

त्या उन्हाळ्यात अण्णा-आई तीन महिन्यांसाठी आले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, अण्णा म्हणजे उद्यमनगरात पस्तीस वर्षं पाना चालवलेला माणूस. ऑइल इंजिनं, जीप, ट्रक, अँबेसेडर, सगळं हातून गेलेलं. मी जेवताना सहज विषय काढला आणि अण्णांनी तिथल्या तिथे निकाल लावला.

"काढून टाक. त्यात इचार काय करायचाय?"

"अण्णा, पण ते उगाच नाही बसवलेलं."

"बसवलेलं असंल की. पन जे नाहीच ते बिघडंल कसं?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. अण्णा प्रत्येक अँबेसेडरचा आणि जीपचा थर्मोस्टॅट काढून टाकायचे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी आणि इंजिन तापलं की वाट सोडणारी झडप. तेव्हाचे आमच्याकडचे बहुतेक मेकॅनिक हेच करायचे. आपल्याकडं आधीच ऊन, इंजिन गरम ठेवायला वेगळी झडप कशाला, असा हिशेब. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच सुट्टीत त्यांना ऐकवलं होतं की थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन हव्या त्या तापमानाला लवकर पोचत नाही, पेट्रोल जास्त खातं, बोअर लवकर झिजतो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि गगनबावड्याच्या घाटात ती झडप बंद होऊन अडकली, की हेड वाकतंय. मग त्या टॅक्सीवाल्याच्या पोरांनी काय खायचं, तुझं पुस्तक?"

तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. तेव्हा चांगला थर्मोस्टॅट मिळायची खात्री नव्हती, गाडी कर्जाची, घाटात मदत नाही. थोडं पेट्रोल जास्त गेलेलं परवडतं, इंजिन गेलेलं परवडत नाही. अण्णांनी तो हिशेब दुसऱ्याच्या पोटाकडे बघून केला होता.

पण थर्मोस्टॅट आणि फुलपाखरू यांत एक फरक आहे, आणि तो सांगायला मला त्या दिवशी नीट शब्द सापडले नाहीत. थर्मोस्टॅट काढला तर नुकसान मुख्यतः मालकाचं होतं. तेल त्याचं, बोअर त्याचा. फुलपाखरू काढलं तर मालकाला काहीच कळत नाही. काढून वर्षानुवर्षं गाडी चालवलेले लोक शपथेवर सांगतात, काडीचा फरक पडला नाही. ते खोटं बोलत नाहीत. फरक पडतो तो मागच्या माणसाला, सिग्नलला उभं राहून गाडी निघते तेव्हा, इंजिन सावकाश चालत असतं तेव्हा. म्हणजे नेमका शहरात.

आम्ही तेव्हा ज्या रस्त्यावर राहायचो तिथे खिडकीच्या कठड्यावर दर आठवड्याला काळी पूड साठायची. श्टुटगार्ट वाटीच्या तळाशी वसल्यासारखं आहे, चहूकडे टेकड्या, हवा हलत नाही. इथला नेकारटोर चौक प्रदूषणासाठी जर्मनीभर बदनाम. बायको ओल्या फडक्याने कठडा पुसायची आणि फडकं मला दाखवायची. मुलगी दोन वर्षांची होती. त्या फडक्याकडे बघून अण्णांना मी म्हटलं, "यात थोडं आपलंही आहे." अण्णा म्हणाले, "तुझ्या एका गाडीनं काय हुतंय?"

यावर मी गप्प बसलो, कारण एका गाडीने खरंच काही होत नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका सहकाऱ्याशी बोलणं झालं. त्याच्याकडे जुनी टोयोटा होती, जपानी गाड्यांचा वेडा माणूस. त्याने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली. फुलपाखरं फक्त डिझेलची नाहीत. १९८३ च्या सुमाराला टोयोटाने ४ए-जीई नावाच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन नळ्या देऊन एकीत फुलपाखरू बसवलं होतं. टी-व्हीआयएस म्हणायचे त्याला. इंजिन सावकाश चालताना एक नळी बंद, जोरात पळायला लागलं की उघडी. शर्यतवाली पोरं ती फुलपाखरं काढून टाकायची, आणि मग खालच्या वेगाला गाडीत दम उरला नाही म्हणून रडायची. १९८९ साली टोयोटाने स्वतःच ती फुलपाखरं काढली. पण नुसती काढली नाहीत. हवेच्या वाटाच अरुंद केल्या. वाट मुळात मोठी होती म्हणून फुलपाखरू लागत होतं. वाट बरोबर मापाची केल्यावर त्याची गरजच संपली.

मला जे म्हणायचं होतं ते मला इथे सापडलं. भाग काढणं वेगळं आणि त्याची गरज काढणं वेगळं. टोयोटाने आधी गरज काढली, मग भाग काढला. आपण बूच लावतो तेव्हा फक्त भाग काढतो. गरज तिथेच राहते, आणि ती कुणीतरी दुसरा भागवतो. माझ्या बाबतीत तो दुसरा म्हणजे कठड्यामागे झोपलेली माझीच मुलगी होती.

अण्णांना हे सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि मग असा मुद्दा काढला की मला आजही त्याचं उत्तर नाही. म्हणाले, "कंपनीनं कायदा पाळायला झडप बसवली. गाडी पास झाली, विकली, पैसा घेतला. झडप कच्ची निघाली. आता सातशे तू भरायचे. हवा सगळ्यांची, मग खर्च एकट्याचा कसा?"

खरं आहे ना? कंपनीने बारीक स्क्रूवर जे पैसे वाचवले असतील ते असतील, पण ती कसर तिसऱ्या मालकाच्या खिशातून निघाली. फुलपाखरं काढणाऱ्याला आपण सहज बेजबाबदार म्हणतो, पण पहिला बेजबाबदारपणा त्याचा नसतो.

शेवटी मी नवं मॅनिफोल्ड घातलं. मनाचा मोठेपणा म्हणून नाही. थोडी विम्याची भीती, थोडं ते फडकं, आणि त्या वर्षी सातशे युरो जवळ होते हेही तितकंच खरं. नसते तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

जुनं मॅनिफोल्ड मेकॅनिककडून मागून आणलं. अण्णांनी बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून ते खोललं. हातात पक्कड आल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला. आतलं डांबर खरवडून काढताना ते तिसऱ्या फुलपाखरापाशी थांबले. एक स्क्रू अर्धे आटे बाहेर आला होता. बोटाने हलवला तर हलत होता.

"हे बघ," अण्णा म्हणाले. मला वाटलं आता, 'मी सांगत नव्हतो' येणार. पण ते बराच वेळ त्या चकतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं बी बरोबर हुतं आणि माझं बी. चुकलं ते त्या स्क्रूचं."

तो स्क्रू त्यांनी कोल्हापूरला नेला. अजून त्यांच्या डब्यात आहे.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असेल. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, जे गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखायचं. तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडं आटोक्यात, रस्त्यावर मोकाट. 'पुढारी'त वाचून अण्णांचा फोन आला. "म्हंजे त्यांनी झडप ठेवली आणि काम काढून टाकलं. आमी निदान झडप हातात घेऊन काढत हुतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत." यावर काय बोलणार!

त्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिशच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने शहरांना डिझेलबंदी करायला वाट मोकळी करून दिली. श्टुटगार्टने १ जानेवारी २०१९ पासून युरो-४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी केली. आम्हा रहिवाशांना तीन महिन्यांची सवलत, १ एप्रिलपर्यंत. माझी गाडी त्यातच. सातशे युरोची फुलपाखरं अगदी ठणठणीत असताना गाडीच गेली. जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात विकली. ती आता कुठल्या देशात आहे माहीत नाही, पण तिथल्या एखाद्या अण्णांनी पहिल्या आठवड्यातच फुलपाखरं काढली असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

मग ते सातशे युरो वाया गेले का? त्या वेळी मला तसंच वाटलं होतं. पण त्या सात-आठ वर्षांत ती गाडी रोज सकाळी त्याच रस्त्यावरून निघायची आणि खिडकीमागे मुलगी मोठी होत होती. कठडा तेवढाच काळा व्हायचा, हेही कबूल करतो. एका गाडीने काही होत नाही हे अण्णांचं म्हणणं खोटं ठरवण्याएवढा पुरावा माझ्याकडे नाही. फक्त त्या फडक्याकडे बघताना माझी मान खाली जात नव्हती, एवढंच.

तर भावा, तुझ्या प्रश्नाकडे येतो. आधी मॅनिफोल्ड उतरवून घे आणि आत बघ. दांडा हलतोय का, स्क्रू सुटलाय का, चकती रुतलीय का. तुझ्या इंजिनात कुठल्या रचनेची फुलपाखरं आहेत ते मेकॅनिककडून कळून घे. सगळ्याच रचना तुटणाऱ्या नसतात. नुसती काजळी असेल तर साफ करून परत घाल. झिजलं असेल तर सुधारित रचनेचं नवं मॅनिफोल्ड मिळतंय का बघ. खर्च जास्त वाटेल, पण इंजिनकामापेक्षा कमीच असतो. आणि तो तुझ्या आवाक्याबाहेर असेल, काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर निदान 'काही फरक पडत नाही' असं म्हणत काढू नकोस. फरक पडतो. तुला दिसत नाही एवढंच. रंकाळ्याच्या कडेने संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या माणसांना तो दिसेल.

काल अण्णांनाही विचारलं. आता ऐंशीच्या पुढे आहेत, गॅरेज कधीच बंद केलंय. म्हटलं, "अण्णा, काढू म्हणून सांगू का ठेव म्हणून?"

थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "त्याला म्हनावं, गाडी घिऊन घरी ये. उघडून बघू."

म्हणजे या रविवारी भावाची गाडी अण्णांच्या दारात उभी असणार. काय निघतंय ते कळलं की लिहीनच.

असो. लेख फारच लांबला.